शेणाचा अंगठा

उंबरखोल गावात मोतीबाईच्या भिंतींसारख्या भिंती दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. हे मोतीबाई स्वतःच इतक्या वेळा सांगायची, की दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच मिळत नसे. पण ते खोटं मात्र नव्हतं. कारवीच्या काठ्यांच्या कुडावर शेणमातीचा हात ती असा फिरवायची, की शपथेला एक भेग सापडू नये. नेरळच्या बाजाराला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून तिच्या ओटीवर टेकायच्या आणि पाणी पिता पिता भिंतीवरून हळूच बोट फिरवून बघायच्या. बोटाला काही लागायचं नाही. मोतीबाई न बघितल्यासारखं करायची आणि दिवसभर खूश असायची.

अशा बाईला ग्रामपंचायतीची मेंबर कशाला व्हायचं होतं? पण कायद्यात बायकांच्या जागा होत्या, त्या भरल्या नाहीत तर कर्जतहून पत्रं यायची. म्हणून सरपंच सदूभाऊंनी एक दिवस तिच्या नवऱ्याला, गजाला विचारलं आणि गजाने तिला न विचारता हो म्हणून टाकलं. चार वर्षांत ती पंचायतीच्या खोलीची पायरी एकदाही चढली नव्हती. सभा झाली की ग्रामसेवक तात्या वही काखोटीला मारून तिच्या दारात यायचे, शाईचा पॅड उघडायचे, आणि ती असेल तिथून अंगठा पुढे करायची. बहुतेक वेळा ती सारवतच असायची. अंगठा पदराला पुसल्यासारखा करून ती वहीवर दाबायची.

"मोतीबाई, सरकारी वही आहे हो ही," तात्या म्हणायचे.

"मंग आमच्या गाईचं शेण बी सरकारीच समजा."

तात्या पॅड मिटून पुढच्या घरी निघायचे. वहीत तिच्या नावापुढे शाईइतकंच शेणही साचत गेलं.

ही शहात्तर सालची गोष्ट. हिवताप देशातून गेला असं मधे काही वर्षं म्हणत होते, पण उंबरखोलात तो पुन्हा येऊन बसला होता, आणि पाहुणा नाही तर घरजावई असल्यासारखा. भादव्यात सुरू व्हायचा तो दिवाळी खाऊनच जायचा. एकाआड एक दिवस, दुपार कलली की माणूस थडथड उडायला लागायचं. अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग अंग तव्यासारखं तापायचं, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी तेच माणूस काही झालंच नाही असं खाचरात उतरायचं.

सरकार काही करत नव्हतं असं नाही. दर वर्षी श्रावणात पंपवाल्यांची टोळी यायची आणि घराघरात डीडीटीची पावडर फवारून जायची. टोळीबरोबर असायचा नामा. पलीकडच्या गावचा, तिशीतला, हडकुळा, खाकी पिशवीवाला. एरवीही तो दर पंधरा दिवसांनी दारोदार फिरायचा, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि चार कडू गोळ्या द्यायचा. गावाने त्याचं नावच हिवताप नामा ठेवलं होतं. नामा आला की पोरं आधी बोटं लपवायची.

त्या वर्षी मोतीबाईला नामाची कधी नव्हे इतकी गरज होती. तिची लेक शकू बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता. आदल्या वर्षी सासरी तिला असाच हिवताप आला आणि पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं. त्यानंतर शकू फारशी बोलायची नाही. आल्या दिवशी ओटीवर बसून तिने एवढंच विचारलं होतं, "आये, इकडं ताप हाय का गं?" आणि मोतीबाईने छातीला हात लावून सांगितलं होतं, "माझ्या घरात नाय येऊ द्यायची मी."

बोलून गेली खरी, पण त्या दिवसापासून तिला धड जेवण गेलं नाही.

श्रावणात टोळी आली तेव्हा गावात निम्म्या बायका नाकं मुरडत होत्या. घरातलं सगळं बाहेर काढायचं, देव अंगणात, भांडी अंगणात, आणि वर तो वास. मोतीबाईने मात्र उजाडल्यापासून घर रिकामं करून ठेवलं होतं. नामाच्या पाठीमागे ती खोली खोली फिरली. "माळ्यावर मार. कणगीच्या मागं मार. हिकडं कमी झाली वाटतं, आणखी एक हात मार."

"काकी, सगळ्यांनी तुमच्यासारखं करून घेतलं तर हिवताप पळूनच जाईल," नामा घाम पुसत म्हणाला. मोतीबाईला ते ऐकून बरं वाटलं.

टोळी गेली आणि भिंती वाळल्या. वाळल्यावर मात्र त्यांच्याकडे बघवेना. तिच्या त्या तुकतुकीत भिंतींवर पांढरे ओघळ, पांढरे डाग, जणू कोड फुटलं होतं. मोतीबाईने चार दिवस कळ काढली. पण गौरी दहा दिवसांवर आल्या होत्या. गौर माहेरी येणार आणि असल्या भिंती बघणार? पाचव्या दिवशी तिने पदर खोचला, शेण कालवलं आणि दोन दिवसांत सगळं घर माळ्यासकट सारवून काढलं. भिंती पुन्हा होत्या तशा झाल्या. मोतीबाईचा हात भिंतीला लागला की गावाचा लागायचा. आठवड्याभरात उंबरखोलात डाग म्हणून कुठे उरला नाही.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच गजा गोधडीखाली उडायला लागला.

मग शेजारचं घर, मग वरची आळी. कधी नव्हे इतका ताप. लोक चिडले, आणि चिडल्यावर कुणावर तरी जाणार ते नामावर गेले. पावडर खरी असती तर ताप कसा आला असता? कुणीतरी म्हणालं, नामा पावडर भाजीवाल्यांना विकतो आणि इथे चुन्याचं पाणी मारतो. कुणीतरी म्हणजे कोण ते कुणालाच सांगता येईना, पण दोन दिवसांत ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितल्यासारखं झालं. सदूभाऊंनी ठरवलं की सभा घ्यायची, नामाला काढून टाका असा ठराव करायचा आणि कर्जतच्या पंचायत समितीला पाठवायचा.

त्याच आठवड्यात शकूला थंडी भरली.

मोतीबाईने तिला कवटाळून धरलं. लेकीच्या दातांचा आवाज तिच्या कानाशी होत होता आणि तिला तिचे स्वतःचे शब्द आठवत होते, माझ्या घरात नाय येऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी नामा आला. गावात लोक त्याच्याशी बोलत नव्हते, तरी तो त्याच्या वाराला आला होता. त्याने शकूचं रक्त घेतलं, पिशवीतून चार गोळ्या काढून मोतीबाईच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "पोट भरल्यावर द्या काकी. पोटुशीला चालतात. पण द्याच."

तो गेल्यावर गजा गोधडीतून म्हणाला, "पावडरीत चुना घालतो तो गोळ्यांत खडू घालणार नाय कशावरून? पोटातल्या पोराला काय झालं म्हंजे?"

मोतीबाईने गोळ्या कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवल्या. टाकवतही नव्हत्या आणि देववतही नव्हत्या.

एक दिवस सोडून पुन्हा थंडी आली, पहिल्यापेक्षा मोठी. ताप उतरल्यावर शकू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच ती म्हणाली, "आये, सकाळपासून पोटातलं हलत नाय गं."

मोतीबाई उठली. काडेचिराईताचा काढा द्यावा असं तिच्या मनात आलं. ते गावात एकाच घरात हमखास मिळायचं, धोंडूबाईच्या. आणि धोंडूबाईच्या घरी मोतीबाई चार वर्षांत गेली नव्हती.

धोंडूबाई म्हणजे गावाने नावं ठेवायची बाई. विधवा, पदरात पाच नातवंडं, सून दमेकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात भाताच्या आवणीला, बेणणीला जायची, आणि घर कसं, तर गुरांनी सुद्धा विचार करून पाय ठेवावा असं. मोतीबाईने एकदा पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "धोंडूबाईच्या घरात लक्षुमी शिरली तर पाय घसरून पडंल." बायका पोट धरून हसल्या होत्या. धोंडूबाईही हसली होती, पण त्यानंतर तिने मोतीबाईला कधी हाक मारली नाही.

आता मोतीबाई तिच्या दारात उभी होती. अंगणात पाचही नातवंडं चिखलात लोळत होती, धडधाकट, गालावर तुकतुकी. गावात प्रत्येक घरात एक तरी गोधडी थरथरत असताना ही पोरं मात्र एकमेकांना पाडून बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"काडेचिराईत हाय का गं थोडं? शकूला ताप आलाय."

धोंडूबाईने आत जाऊन पुडी आणली. "ने. पोरीला सांभाळ."

"तुझ्याकडं कुणाला आला नाय?"

"नाय. औंदा नाय, गेल्या साली बी नाय. माझ्या घरात यायची त्याला बी लाज वाटत आसंल," धोंडूबाई म्हणाली. बोलणं तिने ध्यानात ठेवलं होतं.

मोतीबाईचं लक्ष मात्र भिंतीकडे गेलं होतं. भेगाळलेली, पोपडे आलेली भिंत, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत पांढरे ओघळ. तिने पुढे होऊन भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"फवारून गेल्यावर सारवलं नाय?"

"कंदी सारवू? आवणी सोडून भिंती चाटत बसू?" धोंडूबाई म्हणाली. "दिवाळी झाली की बघते. तवर ऱ्हातंय तसंच."

मोतीबाई तिथेच उंबऱ्यावर बसली. उभ्या आयुष्यात जी भिंत तिने सगळ्यात वाईट म्हणून दाखवली होती, तिच्यावरची पावडर जागच्या जागी होती. आणि तिच्या स्वतःच्या घरातली? ती तिनेच दोन दिवस राबून, दोन्ही हातांनी, शेणाखाली पुरली होती. चुना नामाने मारला नव्हता. पावडर खरी होती. म्हणजे गोळ्याही खऱ्या होत्या.

"काय झालं गं मोते?" धोंडूबाईने विचारलं. ही तिची चार वर्षांतली पहिली हाक.

"मी ताप घरात घेतला," मोतीबाई म्हणाली, आणि पुडी तिथेच विसरून घराकडे पळत सुटली.

शकूला तिने भाताची पेज पाजली आणि कोनाड्यातल्या चारही गोळ्या आपल्या हाताने दिल्या. गजा काहीतरी म्हणायला उठला. त्याच्याकडे तिने असं बघितलं की तो पुन्हा आडवा झाला. मग पोटावर हात ठेवून ती बसून राहिली. दिवेलागणीच्या सुमाराला तिच्या तळहाताला आतून एक धक्का लागला, मग दुसरा. शकूने आईचा हात जास्तच दाबून धरला. मोतीबाई रडली आणि रडताना तिने लपवलंही नाही.

पुढच्या पाळीला थंडी आली नाही. पण नामाला तिने वाटेत गाठून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हा ताप गेला काकी. पण डास हायेत तवर पुन्हा यायला काय उशीर? दिवस भरायला अजून दीड-दोन महिने हायेत." आणि मग हळूच, "तवर मी असंन का नाय, ते पण म्हाईत नाय. परवा सभा हाय माझी."

सभेच्या दिवशी तात्या वही घेऊन येतील म्हणून मोतीबाई थांबली नाही. हातपाय धुऊन, धडकं लुगडं नेसून ती पंचायतीच्या खोलीत गेली. आत सात बाप्ये सतरंजीवर बसले होते, खुर्चीवर कर्जतहून आलेले आरोग्य निरीक्षक अण्णा टिपणीस. भिसेगावात राहणारे, पांढरा शर्ट, सायकलची क्लिप अजून पायजम्याला. नामा दाराबाहेर उभा होता. मोतीबाईला बघून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"वैनी, तुमी कशाला आलात? वही घरी पाठवली असती," सदूभाऊ म्हणाले.

"मेंबर हाय ना मी? का नुस्ता अंगठाच मेंबर हाय?" असं म्हणून ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली.

सदूभाऊंनी ठराव वाचायला सांगितला. नामा कामात लबाडी करतो, पावडर विकतो, त्याला काढावं. तात्यांनी वाचला. अण्णांचा चेहरा उतरला होता. नामा असा नव्हे हे त्यांना ठाऊक होतं, पण तापाचे आकडे समोर होते.

"मला बोलायचंय," मोतीबाई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "पावडर खरी होती. मी पुसली. मी सारवलं आणि माझं बघून समद्या गावानं सारवलं. नाय पटत तर धोंडूबाईच्या घरात जा. तिची भिंत तशीच हाय, आणि तिच्याकडं दोन सालं कुणी आजारी नाय. नामाच्या वहीत बघा."

नामाने बाहेरूनच आपली वही पुढे केली. अण्णांनी पानं उलटली. धोंडूबाईच्या घरापुढे दोन वर्षांत तापाची एकही लाल फुली नव्हती. त्यांनी वही मिटली, चष्मा काढला आणि एकदम कळवळून म्हणाले, "अहो, पण हे मी दर वर्षी सांगतोय! फवारल्यावर अडीच महिने भिंतींना हात लावू नका. याच खोलीत येऊन सांगतो. तुम्ही सगळे माना डोलावता. तात्या, लिहिलंय ना तुम्ही?"

तात्यांनी सभेची वही मागे मागे चाळली. "आहे. या वहीतच दोनदा. गेल्या वर्षीचा श्रावण. विषय चौथा, फवारणीनंतर अडीच महिने भिंती सारवू नयेत, सर्वांना मान्य. आणि यंदाच्या श्रावणातही तेच."

त्यांनी वही फिरवून सगळ्यांपुढे धरली. मोतीबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण खालचा डाग तिने ओळखला. शाईच्या अंगठ्याच्या कडेने पिवळट हिरवी किनार होती. भिंत सारवता सारवता तिने भिंत सारवायची नाही याला अंगठा दिला होता. आणि एकदा नाही, दोनदा.

बाप्ये आपापल्या पायाकडे बघत होते. भिंतीचा विषय त्यांनी ऐकला होता, मान्य केला होता आणि भिंतींशी आपला काय संबंध म्हणून घरी जाऊन जेवले होते. एकानेही बायकोला सांगितलं नव्हतं, आणि सभेत सांगून झालंय म्हणून नामानेही दारोदार सांगितलं नव्हतं.

"तुमी त्यांना सांगितलं," मोतीबाई अण्णांना म्हणाली. "सारवतो आमी."

अण्णांनी काढलेला चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "चूक माझी. नऊ वर्षं नोकरी करतोय, एकदाही पाणवठ्यावर गेलो नाही."

"मंग फवारणी गौरीनंतर करा," सदूभाऊंनी मधेच तोडगा काढला. पण तारखा अलिबागहून ठरून यायच्या, टोळ्या तालुकाभर फिरायच्या, त्या उंबरखोलासाठी कोण हलवणार? वाद सुरू झाला. मोतीबाईने तो फार वेळ चालू दिला नाही.

"तारीख ऱ्हाऊ द्या सरकारची. सारवण आमचं हाय ना? टोळी यायच्या आधी पंधरा दिवस दवंडी द्या. आधी सारवू, मंग फवारा. गौर आली की बघंल डाग. तिला बी लेकरांची काळजी हाय."

नामाचा ठराव तात्यांनी आडवी रेघ मारून खोडला आणि खाली नवा लिहिला. त्यात आणखी एक गोष्ट घातली, की यंदा गाव उघडं पडलं आहे तेव्हा एक टोळी एका दिवसासाठी पुन्हा द्यावी. अण्णा म्हणाले, पावडर शिल्लक आहे, कर्जतच्या डॉक्टरसाहेबांकडून मी आणतो, पण गावातल्या बायका पुन्हा तयार होतील? दिवाळी तोंडावर आहे.

"ते माझ्याकडं," मोतीबाई म्हणाली. तिने अंगठा पॅडवर दाबला आणि वहीवर उठवला. स्वच्छ, निव्वळ शाईचा. तात्या त्याच्याकडे जरा वेळ बघतच राहिले.

बोलणं सोपं होतं. दिवाळीला डागाळलेल्या भिंती ठेवा असं बायकांना सांगायचं, आणि तेही मोतीबाईने! पाणवठ्यावर पहिल्यांदा सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग एकीने विचारलं, "तुला बी हिव चढला का काय?" मोतीबाईने वाद घातला नाही. ती त्यांना घेऊन धोंडूबाईच्या अंगणात गेली आणि पाच पोरं दाखवली. मग धोंडूबाईसमोर सगळ्यांदेखत म्हणाली, "मी हिला पाणवठ्यावर बोलले होते. ते माझं चुकलं." धोंडूबाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पोरगी कशी हाय ते सांग."

आठ दिवसांनी टोळी आली. पहिलं घर मोतीबाईचं. या वेळी ती नामाच्या मागे फिरली नाही, शकूला घेऊन अंगणात बसली. नामाने न सांगताच कणगीच्या मागे दोनदा मारली.

दिवाळी आली. कंदील लागले, रांगोळ्या निघाल्या आणि भिंतींवर पांढरे ओघळ तसेच राहिले. पाहुणेरावळे विचारायचे, मोतीबाई सांगायची. एकदा मात्र तिचा हात आपोआप शेणाच्या घमेल्याकडे गेला, तेव्हा तिने त्या शेणाच्या गोवऱ्या थापून टाकल्या. गावात त्या महिन्यात ताप नव्हताच असं नाही. तिघांना आला, तिघांनीही नामाच्या गोळ्या घेतल्या आणि उठले.

कार्तिकात शकू बाळंत झाली. मुलगी. जन्मली तीच अशी रडली, की गोठ्यातली गाय दावणीला उठून उभी राहिली.

पाचवीच्या दिवशी बायका जमल्या. सटवाईच्या पूजेला बाळंतिणीची खोली सारवायची असते. मोतीबाईने जमीन सारवली होती, आरशासारखी. भिंतीपाशी येऊन मात्र तिचा हात थांबला होता. सगळ्याच बायकांनी ते बघितलं.

शेवटी धोंडूबाई आली. दारातून तिने चारी भिंतींवर नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत, जशी कधी काळी मोतीबाई तिच्या घरात फिरवायची.

"काय गं मोते, भिंती झाल्या की माझ्यासारख्या," ती म्हणाली.

"तुझ्यासारख्या कुठल्या जमायला? तुझ्या दोन सालाच्या हायेत," मोतीबाई म्हणाली. तिने धोंडूबाईला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि शकूच्या कुशीतली नात उचलून तिच्या मांडीवर दिली.